जनाची लाज, मनाची लाज

‘जनाची नाहीं, तर मनाची तरी लाज बाळगावी,’ असें वडीलधारीं माणसें लहानांस सांगत आलीं आहेत. या म्हणींत लाजेचीं दोन स्थानें सांगितलीं आहेत. परंतु व्यवहारांत पाहावें तों पहिली लाज घरभर मिरवत असते, आणि दुसरीस बसावयास पाटही मिळत नाहीं. मुलीच्या लग्नांत किती पंक्ती उठवाव्या, मुलानें कोणती विद्या शिकावी, सुनेनें नोकरीनिमित्त परगांवीं राहावें कीं नाहीं, या प्रत्येक प्रश्नाचा निकाल ‘लोक काय म्हणतील?’ या एका वाक्यानें लागतो.

या लोकांची एकदां नीट ओळख करून घ्यावी, असें आम्ही सुचवितों. कागद घेऊन त्यांचीं नांवें लिहावयास बसलें, तर बहुधा चार-पांच नांवांपुढें लेखणी चालत नाहीं. एखाद्या आत्याबाई, शेजारचे एक गृहस्थ, कचेरींतील कोणी स्नेही, इतकेच. त्यांतीलही निम्म्यांचें मत आपण प्रत्यक्ष ऐकलेलें नसतें. तें आपणच त्यांच्या तोंडीं घातलेलें असतें. आपल्या मनांतील शंका आत्याबाईंच्या आवाजांत बोलूं लागते, आणि आपण भितों मात्र आत्याबाईंना! म्हणून हें भय घालवावयाचें, तर लोकांकडे पाहून भागत नाहीं. आपल्याच मनाचा झाडा घ्यावा लागतो.

मात्र एवढ्यावरून कोणी ‘यापुढें लोकांचें कांहींच ऐकावयाचें नाहीं’ असा पण करील, तर तोही आमच्या मतें त्याच भयाचा दुसरा अवतार होय. लोकांस खिजविण्यासाठीं केलेलें कृत्यही लोकांकडे पाहूनच केलेलें असतें. या संबंधांत पुण्यांतील एक जुनें प्रकरण आठवतें.

ऑक्टोबर १८९० मध्यें पुण्याच्या पंचहौद मिशनमधील एका समारंभांत पाहुण्यांपुढें चहा-बिस्किटें आलीं. कोणी चहा घेतला. कोणी यजमानांचा मान राखून पेला नुसता पुढें राहूं दिला. पुढें गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें वृत्तपत्रांत प्रसिद्ध करविलीं, आणि शहरांत ग्रामण्य माजलें. महादेव गोविंद रानडे व बाळ गंगाधर टिळक यांचींही नांवें त्यांत होतीं. वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. बहिष्कार म्हणजे घरच्या श्राद्धपक्षास, मुंजीस, लग्नास ब्राह्मण न मिळणें; त्याची झळ पुरुषांपेक्षां घरांतील बायकामुलांस अधिक लागे. चहा घेण्यांत पाप आहे, असें रानडे मानीत नव्हते. तरीही १८९२ मध्यें त्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. स्नेह्यांच्या कुटुंबांची अडचण दूर व्हावी, हा त्यांतील हेतु होता. सनातनी मंडळी त्यांस पूर्वींपासून नांवें ठेवीतच होती; आतां सुधारकही ठेवूं लागले. खुद्द रमाबाईंनाही ती गोष्ट रुचली नव्हती.

रानड्यांनीं केलें तें योग्य कीं अयोग्य, या वादांत आम्ही शिरत नाहीं. परंतु निंदेला भिणारा मनुष्य दोन्ही पक्षांची निंदा एकदम पत्करीत नसतो, हें उघड आहे. आपल्या कृतीचा भार ज्यांना सोसावा लागतो ते लोक निराळे, आणि ओट्यावर बसून नुसतें पाहणारे निराळे. पहिल्यांचें म्हणणें तोलून पाहणें हें कर्तव्य आहे. दुसऱ्यांच्या म्हणण्याचें ओझें वाहण्याचें कारण नाहीं.

हा भेद न केल्यामुळें केवढा अनर्थ होतो, हें सासरीं छळ सोसणाऱ्या लेकीच्या बाबतींत दिसून येतें. ती माहेरीं येते, आणि चार दिवसांनीं तिची समजूत घालून तिला परत धाडण्यांत येतें. कां, तर शेजारीं बोभाटा होईल! शेजारी पंधरा दिवस बोलतील आणि मग त्यांस दुसरा विषय मिळेल. परत गेलेल्या मुलीस मात्र तेंच घर आणि तीच माणसें असतात. धाकटीच्या लग्नाची काळजी आईबापांस वाटत असेल, तर ती काळजी खरी आहे. ती लोकांच्या नांवावर न घालतां दोघी बहिणींसमोर उघड बोलून दाखवावी. धाकटीच अनेकदां म्हणेल, “ताईला परत धाडूं नका.” जिला विचारावयाचें, तिलाच आपण विचारलेलें नसतें.

मनाचा झाडा घेण्यास ध्यानधारणेचा मोठा खटाटोप नको. ‘ही गोष्ट कोणास कळणारच नसती, तर मीं काय केलें असतें?’ आणि ‘हिचा भार कोणावर पडणार?’ हे दोन प्रश्न रात्रीं निजण्यापूर्वीं स्वतःस विचारावे, आणि आलेलें पहिलें उत्तर सकाळीं पुन्हां तपासावें. आरंभीं तें मन मोकळेपणानें देणार नाहीं. संवयीनें देऊं लागेल.

ज्या चहापायीं दीड-दोन वर्षें पुणें ढवळून निघालें, तो आज सोंवळ्याओंवळ्याच्या घरांतही आल्यागेल्यापुढें प्रथम येतो. आमच्या वाचक-वाचिकांनीं या महिन्यांत घरांतील अडून राहिलेला एकच निर्णय निवडावा, ज्यांच्यावर त्याचा भार पडावयाचा त्या सर्वांस, मुलासुनांसह, एकत्र बसवावें, आणि चहाचे पेले रिते होईपर्यंत त्यांचेंच काय तें ऐकावें.