लेबल ही काही पोथी नाही

मायला ताप होता. सरकारी दवाखान्यातनं पाच दिवसांच्या गोळ्या भेटल्या. गोळ्या संपल्या, ताप तसाच. कंपाउंडर म्हणाला, "बुढीनं बरोबर घेतल्या नसतीन." आम्हीही मायलाच बोललो. तिला वाचता येत नाही, चुकली असेल. त्या गोळ्यांत काय होतं ते मला आजही ठाऊक नाही. कोणी तपासलंच नाही. पण चूक मायची, हे मात्र न तपासता ठरलं.

पुढं शेजारच्या नागपूर जिल्ह्यातलं कळमेश्वरचं प्रकरण वाचलं आणि डोकं सणकलं. मार्च 2023 मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयातनं सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांचा नमुना मुंबईच्या प्रयोगशाळेत गेला. अहवाल आला डिसेंबरात : गोळीत औषधच नाही! मग अन्न व औषध प्रशासनानं नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या भांडारातनं 21,600 गोळ्या जप्त केल्या. लेबलावर गुजरातची कंपनी. ती कंपनीच अस्तित्वात नाही. 2024 च्या आरोपपत्रात पोलिस सांगतात, टाल्कम पावडर आणि स्टार्च. बनवलं कुठं? हरिद्वारला, जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत.

मार्च ते डिसेंबर. एवढ्यात बाई बाळंत होते.

सरकार म्हणतं, कारवाई केली. केली, मान्य. नमुना उचलणाऱ्या निरीक्षकाला आपला जयभीम. पण जप्त झाल्या त्या उरलेल्या गोळ्या. गिळलेल्या कशा जप्त करता?

हे आजचं नाही. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी ग्लिसरॉलनं 14 रोगी मेले. कारखान्यातला माल औषध म्हणून आत आला होता. लेंटिन आयोगानं औषध प्रशासनातली लाचखोरी चव्हाट्यावर आणली. आणि 2025 मध्ये छिंदवाड्याची 20 हून जास्त पोरं खोकल्याच्या औषधानं गेली, त्यातली कितीतरी नागपूरच्या रुग्णालयांत. विष तेच : डायएथिलीन ग्लायकॉल. दोन्ही वेळा कारवाई झाली. मयतीनंतर.

आता आमच्या वर्धा जिल्ह्याकडं बघा. इथं पन्नासेक वर्षं दारूबंदी. वस्तीतली बाटली हुंगायला पोलिसांना वेळ आहे. रात्री-बेरात्री झोपडीत शिरतात, मडकी फोडतात. दवाखान्यातली बाटली हुंगायला माणूस नाही! गरिबाच्या हातातली बाटली संशयाची आणि ठेकेदाराच्या हातातली विश्वासाची, काहून?

मित्रांनो, 1940 च्या औषध कायद्यात कलम 26 आहे. कोणीही माणूस ठरलेली फी भरून औषध सरकारी विश्लेषकाकडं तपासायला देऊ शकतो आणि अहवाल मागू शकतो. चांगलं आहे. पण शब्द नीट वाचा : 'विकत घेतलेलं' औषध. म्हणजे हक्क गिऱ्हाइकाचा. सरकारी रांगेत उभं राहून फुकट गोळी घेणाऱ्या माझ्या मायचा नाही. तिनं विकत घेतलं नाही, तर तिनं विचारायचंही नाही. दान घेणाऱ्यानं दानाचे दात मोजू नयेत, ही जुनीच मनुगिरी. आम्ही म्हणतो, हे दान नाही. हा आमच्याच घामाच्या कराचा पैसा आहे.

महाडला 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृती जाळली, ती लिहिलंय म्हणून खरं मानायचं नाही म्हणून. बुद्धानं कालामांना तेच सांगितलं होतं. मग लेबल काय आकाशातनं पडलं?

तेव्हा मोर्चा निघो न निघो, एवढं करा. औषधाची पट्टी फेकू नका. बॅच नंबर, तारीख, कंपनी वहीत उतरवा. दुकानातनं घेतलं तर बिल मागा आणि कलम 26 खाली अर्ज टाका. सरकारी दवाखान्यात विचारा, या बॅचचा तपासणी अहवाल कुठं आहे? तो वाटपाआधी भिंतीवर लागला पाहिजे. आणि कलम 26 मधला हक्क फुकट औषध घेणाऱ्यालाही मिळाला पाहिजे.

मायच्या गोळ्यांची रिकामी पट्टी मीच उकिरड्यावर फेकली होती. पुरावा मीच फेकला.

आता फेकणार नाही.