जॅकेट घातलं, पण बाहेर कसं पडायचं?

पुण्याला समुद्र नाही, पण पुणेकराला समुद्राचं वेड भारी! सलग सुट्टी आली की निघाली स्वारी अलिबागला नाहीतर एलिफंटाला. तेव्हा हा विषय आपल्यापासून लांबचा समजू नका.

२१ मे २०२४ ला उजनीत, कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. ६ जण गेले. १८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाच्या वाटेवर 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली. १५ जण गेले. दोन्ही वेळी चर्चा एकच : लाइफ जॅकेट!

जॅकेट हवंच, वाद नाही. पण ते पाण्यात तरंगवतं, बोटीतून बाहेर काढत नाही. उलट बंद केबिनमध्ये पाणी भरलं तर फुगीर जॅकेट माणसाला वर ढकलतं, आणि दार राहतं खाली!

बोट आडवी झाली की काय होतं, बघा. भिंत जमीन होते, जमीन भिंत होते, जिना चढता येत नाही आणि आडवा बोळ म्हणजे चक्क विहीर. १९८७ साली बेल्जियमच्या किनाऱ्याजवळ 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ' मिनिट-दीड मिनिटात आडवी झाली. १९३ माणसं गेली. वाचवणाऱ्यांना खिडक्या फोडून वरून दोर सोडावे लागले. १९९४ साली 'एस्टोनिया'बरोबर ८५२ जण गेले. आता वाहनं नेणाऱ्या नव्या प्रवासी जहाजांसाठी आंतरराष्ट्रीय नियम आहे : सुटकेच्या वाटेवर कठडे हवेत, आणि भिंतीचा खालचा अर्धा मीटर इतका भक्कम हवा की जहाज कलंडल्यावर त्यावरून चालता यावं. म्हणजे कलंडलेल्या जहाजाचा विचार आधीच करता येतो!

"आमच्या छोट्या लाँचला एवढं कशाला?" असं कोणी म्हणेल. मग १७ जुलै १९४७ आठवा. भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ कलंडली, सहाशेहून जास्त माणसं गेली. अंतर किती, तर धक्क्यापासून रेवस!

मोठ्या जहाजाचा नियम लाँचला जसाच्या तसा लावा असं मी म्हणत नाही. पण आतून ढकलून उघडणारी खिडकी, काच फोडायची हातोडी, धरायला कठडा, सामानाने न अडवलेली वाट... यात परवडत नाही असं काय आहे? परवाना देताना साहेबांनी जॅकेटं मोजावीत, जरूर मोजावीत. पण मधल्या बाकावर बसून एकदा हेही बघावं : बोट आडवी झाली, तर इथून हात कुठे पोचतो?