बेल्टची तारीख बघा, तक्रार लेखीच द्या

गणपती तोंडावर आले आहेत. मुंबई-पुण्याच्या गाड्या आता ताम्हिणी, कुंभार्ली, आंबा घाटातून खाली उतरू लागतील. आत घरची माणसं, डिकीत मखर, वर पाऊस. गाडीमालकांना कळकळीची विनंती आहे: याच आठवड्यात जुनी बिलं काढा आणि इंजिनचा टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला ते शोधा. नोंद सापडली नाही तर बदललेलाच नाही असं धरून चाला.

बाहेरचा फॅन बेल्ट निदान ओरडतो तरी. पावसाळी सकाळी स्टार्टर मारला की ची-ची करतो, आपण गॅरेजवाल्याकडे जातो, काम भागतं. टायमिंग बेल्ट कव्हरच्या आड असतो आणि बहुतेकदा काही न सांगता जातो. सगळ्याच गाड्यांत तो नसतो, पुष्कळ इंजिनांत चेन असते. पण असेल तर क्रँक आणि कॅम यांचा मेळ त्या दातेरी रबरावरच असतो. तो तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात, हेड खोलावं लागतं. बेल्टच्या कितीतरी पट खर्च. आणि हे उताराला झालं तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीनदा पाय दाबताच संपतो, पेडल दगडासारखं घट्ट होतं. गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षं असे दोन्ही आकडे असतात. जे आधी भरेल ते खरं. ‘गाडी फिरलीच कुठे’ हे कारण रबराला कळत नाही. बेल्ट बदलताना टेन्शनरही बदलून घ्या, आणि त्याच बेल्टवर वॉटर पंप चालत असेल तर तोही.

इथवर निम्मंच काम झालं. खरा वैताग शोरूमच्या काउंटरवर सुरू होतो. ‘पार्ट मागवलाय साहेब.’ ‘कंपनीचं अप्रूव्हल यायचंय.’ वॉरंटीत असाल तर बेल्ट हा ‘झिजणारा पार्ट’, वॉरंटी संपली असेल तर विषयच संपला, आणि मधल्या काळात बाहेरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं असेल तर सगळं खापर त्याच्या माथी. या बोलण्यातलं काहीही कागदावर नसतं. कागदावर काय असतं तेही बघा. तुम्ही सांगता, ‘चढाला ऑइलचा लाल दिवा लागला आणि गाडी बंद पडली’, आणि जॉबकार्डवर उमटतं ‘जनरल चेकअप’. या दोन शब्दांवर सही केलीत की पुढच्या भांडणातला तुमचा पुरावाच गेला.

शोरूमची ही पकड जुनी आहे. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणं आणि बाहेर दुरुस्ती केल्यास वॉरंटी नाकारणं यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. पुढे अपिलं झाली, ती गोष्ट लांबची.

तक्रारींच्या संख्येने काय होतं याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे, पण गाडी आपली, चेन्नईत बनलेली. फोर्ड इकोस्पोर्टच्या एक लिटर इंजिनात ऑइल पंप फिरवणाऱ्या बेल्टच्या टेन्शनरची तक्रार होती: ऑइलचा दाब जातो, इंजिन बंद पडतं. मालकांच्या तक्रारी साचल्या, तिथल्या वाहन सुरक्षा यंत्रणेने २०२३ मध्ये चौकशी लावली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने इकोस्पोर्ट आणि फोकस मिळून सुमारे १ लाख ४० हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. आपल्याकडच्या गाड्यांत तोच दोष आहे असा दावा मी करत नाही. आपण मात्र काउंटरवर तावातावाने बोलतो, बिल भरतो आणि गप्प बसतो.

म्हणून, जॉबकार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, नाहीतर सही करू नका. किलोमीटरचा फोटो काढा. नकार देणार असतील तर ईमेलवर द्यायला लावा. काढलेला बेल्ट मागून घ्या. दाते उडाले, कडा उसवल्या की ऑइलने फुगला, हे पुढे तज्ज्ञ त्यावरूनच सांगेल. पक्कं बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे शांतपणे ऐकवा.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. स्वतःची एकच टॅक्सी चालवून पोट भरणाराही ग्राहकच आहे, टुरिस्टवाल्यांनी मागे राहू नये. मुदत मात्र कारण घडल्यापासून २ वर्षं. ‘बघतो, करतो’ ऐकण्यात ती सहज निघून जाते.

शिवाय केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर सदोष गाडीची तक्रार नोंदवायची सोय २०२१ पासून आहे. एकाच मॉडेलच्या ठरावीक तक्रारी जमल्या की सरकार चौकशी करून गाड्या परत बोलवायला लावू शकतं. ही सोय ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच आहे. तुमच्या गाडीचं सातवं वर्ष चालू असेल आणि बेल्टने दगा दिला असेल, तर हे वाचून झाल्यावर लगेच नोंद करा.