सवय होते, पण कुणाच्या जिवावर?

‘माणूस कशालाही सरावतो’ हे वाक्य यवतमाळ जिल्ह्यात रोज कुठे ना कुठे ऐकू येतं. पायाने अधू असलेला माणूस कचेरीच्या पायऱ्या बसत-सरकत चढतो आणि बघणारे म्हणतात, ‘त्याले सवय आहे.’ कडबाकुट्टीत हात गेलेली बाई एका हाताने भाकरी थापते आणि शेजारीण कौतुकाने सांगते, ‘आता काही अडत नाही तिचं.’ बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. तरीही या वाक्याचं खंडन केलं पाहिजे, कारण ते अर्धं खरं आहे आणि त्या खऱ्या अर्ध्याच्या आडोशाला फार मोठी टाळाटाळ सुखाने नांदते आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून आधी तो नीट मांडू. माणूसजात टिकली ती जुळवून घेण्याच्या बळावर, असं हा पक्ष सांगतो. त्याच्या हाताशी शास्त्रही आहे. 1978 साली फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लॉटरी लागलेले 22 जण आणि अपघातात अंग लुळं पडलेले 29 जण यांना त्यांच्या सुखाबद्दल विचारलं. काही काळ गेला की दोघंही पूर्वीइतकेच सुखी होतात, असा दाखला त्या अभ्यासावरून व्याख्यानांत आणि पुस्तकांत दिला जातो. शिवाय आपल्याकडे मुरलीकांत पेटकर आहेत. 1965च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं अंग गेलं आणि सांगलीकडच्या या जवानाने 1972 साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. मग जिद्द असली की काय अडतं, असा सवाल येतो.

आता तो मूळ अभ्यासच उघडून बघा. शून्य ते पाच या मापावर अपघातग्रस्तांचं सुख 2.96 भरलं, तर तुलनेला घेतलेल्या सामान्य लोकांचं 3.82. म्हणजे फरक होता आणि तो लहान नव्हता. आपल्याला वाटतं तितके ते खचले नव्हते, एवढंच त्यातून निघतं. पुढे 2007 साली रिचर्ड लुकास यांनी जर्मनी आणि ब्रिटनमधल्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासल्या. त्याच माणसांचं अपंगत्व येण्याआधीचं आणि नंतरचं समाधान शेजारी-शेजारी ठेवून पाहिलं. सरासरीने ते घसरलं आणि वर्षं लोटली तरी मूळ जागी परत आलं नाही. काळ सगळं भरून काढतो, हे या नोंदींवरून तरी म्हणता येत नाही.

पेटकरांच्या जिद्दीपुढे मान झुकतेच. पण ते पोहू लागले ते उपचाराचा भाग म्हणून. त्यांच्यामागे सैन्याचं रुग्णालय होतं, समोर पाण्याने भरलेला तलाव होता. जिद्द झरी जामणीच्या पोरातही असते. तिला उतरायला पाणी लागतं. आणि ज्या देशाने त्यांना पद्मश्री द्यायला 2018 उजाडू दिलं, त्याने त्यांच्या नावाने इतरांना जिद्दीचे धडे देणं मला पटत नाही.

आता पोलिओकडे येऊ, कारण जुळवून घेण्याचा खरा हिशेब तिथे दिसतो. देशातला शेवटचा रुग्ण 2011 साली आढळला, 2014मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला आणि पोलिओ आपल्या बोलण्यातून गेला. तो झालेली माणसं मात्र गेलेली नाहीत. ती आज चाळिशी-पन्नाशी-साठीत आहेत. पांढरकवड्याच्या बाजारात अशा एका ओळखीच्या माणसाला मी वर्षानुवर्षं बघत आलो आहे. त्याच्या उजव्या मांडीत जोर नाही. पाऊल टाकताना गुडघा दुमडू नये म्हणून तो दर पावलाला तळहाताने मांडी मागे दाबतो. पँटचा तेवढाच भाग विटून पातळ झालेला असतो. उजवा हात कायमचा पायाच्या चाकरीत गुंतलेला, त्यामुळे पावसात त्याला निवड करावी लागते: डाव्या हातात छत्री धरायची की भाजीची पिशवी. तो पिशवी धरतो आणि भिजत जातो. लोकांना दिसतं ते एवढंच की तो चालतो. अलीकडे त्याचा डावा, धडधाकट पायही लवकर थकायला लागला आहे.

पोलिओत मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मरतात. उरलेल्या पेशी नवे फाटे फोडतात आणि पोरक्या झालेल्या स्नायूतंतूंना आपल्या पदराखाली घेतात. एकेक पेशी आपल्या वाट्यापेक्षा कितीतरी पट जास्त तंतू चालवू लागते आणि मूल पुन्हा उभं राहतं. यापेक्षा निखळ अनुकूलन दुसरं दाखवता येणार नाही. पण साधारण 15 ते 40 वर्षांनी, इतका काळ दुप्पट-चौपट राबलेल्या त्या पेशी दमतात. नव्याने अशक्तपणा येतो, सांधे दुखतात, थकवा अंगात मुरतो. डॉक्टर त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. शरीराने तरुणपणी स्वतःकडूनच काढलेलं हे कर्ज असतं आणि त्याची वसुली उतारवयात व्याजासकट होते. चाकाची खुर्ची ढकलणाऱ्यांचे खांदे आणि कुबड्यांवर भार टाकणाऱ्यांची मनगटं अशीच झिजतात. घरातल्या घरात ही वसुली बायकोच्या कमरेतून आणि आईच्या गुडघ्यातूनही होते, तिची नोंद तर कुठेच नसते.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. माणूस जुळवून घेतो, हे खरं. पण जुळवून घेण्याला किंमत पडते आणि ती किंमत कोण मोजतं हा प्रश्न ‘सवय आहे’ या दोन शब्दांच्या शेऱ्याने गिळून टाकला जातो.

हा शेरा किती महाग पडतो, ते या जिल्ह्याने 2017च्या हंगामात पाहिलं. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले, काहींची नजर गेली. डोक्याच्या वर वाढलेली पऱ्हाटी, वाऱ्याने तोंडावर येणारा फवारा, पाठीवर पंप आणि अंगावर साधा सदरा. हातमोजे, मुखपट्टी का नाही, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं: सवय आहे. विषाची सवय कुणालाच होत नाही. इथे ‘सवय’ म्हणजे मजुराला संरक्षण न पुरवणाऱ्या सगळ्यांची सुटका होती.

अमर्त्य सेन यांनी हीच गोष्ट न्यायाच्या अंगाने मांडली आहे. ज्याच्या वाट्याला सतत कमी आलं, तो आपल्या इच्छाच कापून लहान करतो आणि मग समाधानी दिसतो. म्हणून त्याच्या समाधानावरून त्याच्या हक्काचं माप काढू नये. दुसरं त्यांचं म्हणणं असं, की अपंग माणसाची कमाई तर घटतेच, वर तेवढंच जगणं जगायला त्याला जास्त पैसा लागतो. वेचणीवर गेलेली अधू पायाची बाई दिवसाकाठी इतरांपेक्षा कमी कापूस वेचते. मजुरी किलोवर, म्हणून पैसे कमी. वावरातून घरी यायला मात्र तिलाच ऑटो करावा लागतो.

एक उलटा पक्षही आहे, तो थोडक्यात निकालात काढतो: ‘असं जगण्यापेक्षा सुटलेलं बरं.’ हे बोलणारे अपंग माणसाला विचारत नाहीत. अल्ब्रेख्त आणि देवलिगर यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विचारलं, तेव्हा गंभीर अपंगत्व असलेल्यांपैकी 54 टक्के लोकांनी आपलं जगणं चांगलं किंवा उत्तम असल्याचं सांगितलं. कीव करणारा आणि टाळ्या वाजवणारा, दोघंही पायऱ्या तशाच ठेवतात.

मग मंडन कशाचं? किंमत वाटून घेण्याचं. जयपूर फूट घ्या. 1960च्या दशकाच्या अखेरीस कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो पाय घडवला, तेव्हा परदेशी पाय उपलब्ध होताच. पण त्याला बूट लागायचा, त्यावर उकिडवं बसता यायचं नाही, चिखलात तो चालायचा नाही. शर्मा-सेठींनी शेतकऱ्याला बूट घालायला शिकवलं नाही. पायच असा केला की अनवाणी वावरात जाता यावं आणि मांडी घालून जेवता यावं. जुळवून घेण्याचं काम माणसावरून काढून वस्तूवर टाकलं.

वणीहून वर्धा नदी ओलांडली की वरोऱ्याला आनंदवन आहे. 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन करून बाबा आमट्यांनी सहा कुष्ठरुग्णांना घेऊन कामाला सुरुवात केली. झडलेल्या बोटांना तिथे कुणी धडे दिले नाहीत. त्या हातांना पेलेल अशी शेती आणि असे उद्योग उभे केले, पुढे इतर अपंगांच्या प्रशिक्षणासाठी संधिनिकेतन काढलं. बाबांना स्वतःला मणक्याच्या आजारामुळे बसता येत नसे. 1985 साली भारत जोडो यात्रेत ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले ते गाडीत आडवे पडून. गाडीत बिछाना होता, म्हणून यात्रा झाली.

अपंगांच्या हक्कांचा 2016चा कायदा याच बाजूचा आहे. शरीरातली उणीव आणि बाहेरचे अडथळे यांची गाठ पडली की माणूस समाजात वावरू शकत नाही, अशी त्याची मांडणी आहे. अपंगत्वाचे प्रकार त्याने सातांवरून 21 केले. त्यात सिकलसेल आला, जो विदर्भातल्या आदिवासी वस्त्यांच्या घराघरांत माहीत आहे आणि बाहेरून बघणाऱ्याला दिसत नाही. सार्वजनिक इमारती वावरण्याजोग्या करायला पाच वर्षांची मुदत दिली होती, ती 2022मध्ये उलटली. नोव्हेंबर 2024मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की इमारती अशा वावरण्याजोग्या करण्याचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. इकडे एसटीच्या तिकिटात 75 टक्के सवलत आहे आणि पायरीच्या उंचीत इंचाचीही नाही.

‘गावात चार-दोन जणांसाठी एवढा खर्च?’ हा शेवटचा आक्षेप. ती संख्या चार-दोन राहत नाही. लकवा मारलेले, मधुमेहाने पाय गेलेले, अपघातात सापडलेले आणि नुसतेच म्हातारे झालेले, सगळे त्याच उतारावरून चढणार आहेत. पैशाची वाटही आहे: ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. ही रक्कम दरवर्षी थोडीथोडी वाटून फोटो काढण्यात संपवू नये. तीनचाकीची फुटलेली ट्यूब आणि तुटलेली साखळी त्यातून दुरुस्त व्हावी, म्हणजे शिबिरात मिळालेली गाडी गोठ्यात गंजत पडणार नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुततं, तेव्हा त्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत मुरूम पडावा. आणि कचेरीत, शाळेत, दवाखान्यात नवा रॅम्प बांधला की ग्रामसभेने मोजपट्टी घेऊन जावं. एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे माप आहे. दोन फुटांच्या जोत्याला आठ फुटांचा खडा उतार बांधला असेल, तर ठेकेदाराचं बिल निघण्याआधी तो पाडून नव्याने बांधून घ्यावा.