‘मारत तर नाहीत ना?’ एवढ्यानं लोकर अहिंसक होत नाही



‘अहिंसक’ हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. आधी तो रेशमाला लागला, आता लोकरीला लागतोय. आज मला भांडायचं आहे ते आल्पाकाच्या लोकरीवरून.

नाताळच्या सुट्टीत आमच्याकडे सगळं कुटुंब जमतं. यंदा घरात एकच विषय होता. ओहायोत राहणारा भाचा आणि भाचेसून आल्पाका पाळणार, आणि विणकाम करणाऱ्या बायकांना त्यांच्या लोकरीच्या लड्या विकणार. नमुन्याच्या लडीवरून सगळ्या जावा-नणंदांचे हात फिरले. लोकर खरंच मऊ, अंगाला टोचत नाही. भाचा म्हणाला, “मामी, वर्षातून एकदा केस कापायचे, बस्स. मारायचं नाही, काही नाही. आपल्या धर्मात बसणारा धंदा आहे.” सासूबाईंनी लगेच आशीर्वाद दिला. मी मात्र प्रश्न विचारला, “नर पिल्लांचं काय करणार?”

यात कुणी कुजकेपणा शोधू नये. आल्पाका हा उंटाच्या कुळातला गरीब प्राणी, मूळचा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांतला. माणसानं हजारो वर्षं निवड करून त्याचे केस वाढवले आहेत, त्यामुळे उन्हाळ्याआधी ते कापले नाहीत तर त्याला उष्मा बाधतो. म्हणजे कापणं हाच गुन्हा, असं मी म्हणत नाही. पाय दोरीनं ताणून बांधतात तेव्हा हात किती हलका ठेवायचा, हे माणसावर असतं.

माझा आक्षेप हिशेबाला आहे. मादी साडेअकरा महिने गाभण राहते आणि बहुधा एकच पिल्लू देते. दहा माद्या ठेवल्या तर वर्षाला आठ-दहा पिल्लं, त्यांतले निम्मे नर. कळपाला नर लागतो एखाददुसरा. पाच वर्षांत वीसेक नर जादा होतात. आल्पाका पंधरा ते वीस वर्षं जगतो, आणि वय वाढलं की केस जाडेभरडे होत जातात. लडीला भाव येत नाही, पण चारा रोज लागतो. मग त्या प्राण्याचं काय होतं? पेरूत त्याचं मांस खातात, ती तिथली जुनी रीत आहे, लपवाछपवी नाही. अमेरिकेत १९८४ पासून हे प्राणी मोठ्या संख्येनं आले, आणि पैदाशीच्या जनावरांना हजारो डॉलर मिळू लागले. खरा पैसा लोकरीत नव्हताच, पिल्लं विकण्यात होता. पुढे बाजार कोसळला आणि तीच जनावरं ‘कुणी फुकट नेता का’ म्हणून देण्याची पाळी आली. मुक्या जिवाची ही परवड विणलेल्या टोपीवर कुठे दिसते?

आपल्या शास्त्रानं ‘मारलं का’ एवढंच विचारलेलं नाही. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकले आहेत. बांधणं, मारहाण करणं, अवयव छेदणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, अन्नपाणी तोडणं. यात जीव घेणं कुठेच नाही, तरी व्रताला डाग लागतो. श्रावकानं टाळायच्या पंधरा व्यवसायांत केशवाणिज्य आहे, म्हणजे केसाळ जिवांचा व्यापार. निर्लांछन कर्मही आहे, त्यात जनावरांचं खच्चीकरण येतं. कळपातल्या जादा नरांना बहुतेक ठिकाणी खच्चीच करतात. मग ‘आपल्या धर्मात बसतो’ हे कशाच्या आधारावर म्हणायचं?

कुणी म्हणेल, श्वेतांबर साधूंचा ओघाही लोकरीचाच असतो. असतो. पण गोचरीत सहज मिळालेलं घेणं वेगळं आणि विकण्यासाठी कळप वाढवणं वेगळं. आपल्या मुनिमहाराजांची पिंछी मोरानं आपणहून गाळलेल्या पिसांची असते. मोर पाळा, त्यांची पैदास करा, असं कुणी सांगितलेलं नाही.

आणखी एक खटकतं. धनगराची घोंगडी घरात आणताना आपण नाक मुरडतो, ‘त्यांच्या मेंढ्या शेवटी खाटकाकडेच जातात’ म्हणतो. पण तीच लोकर परदेशी जनावराची असली, वर गोड नाव असलं, की प्रश्नच संपतात! धनगर निदान अहिंसेचा दावा तरी करत नाही.

मग मार्ग नाही का? आहे, आणि तो मी भाच्याला सांगितला. मादी विकत घेऊ नकोस, पैदास करू नकोस. ज्यांना कुणी विचारत नाही असे आधीच खच्ची केलेले नर तीन-चार आण. एकटा ठेवू नकोस, तो कळपाचा प्राणी आहे. त्यांचीही लोकर विणायला चांगली असते. लड्या विकून चाऱ्याचा थोडाफार खर्च निघेल. केस जाड झाले तरी मरेपर्यंत सांभाळ. तो म्हणाला, “मामी, हा धंदा नाही झाला, ही पांजरपोळ झाली.” अगदी बरोबर! आपल्या लोकांनी मुंबईत भुलेश्वरला १८३४ पासून पांजरपोळ चालवली आहे, ती नफ्यासाठी नव्हे. नफा हवा असेल तर जरूर कमवावा, पण त्याला जीवदया म्हणू नये.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या वेळी लडीवर ‘अहिंसक’ लिहिलेलं दिसलं की विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा. नर पिल्लं कुठे जातात? म्हातारी जनावरं कुठे आहेत? उत्तर मिळालं नाही तर लडी परत ठेवा. सुती धाग्याचं विणकामही छान होतं, आणि आपल्या हवेला तेवढं पुरतं.

जय जिनेंद्र.