बार्शी लाइट रेल्वे : उपकार कुणाचे, हिशेब कुणाचा?

१/ तेरखेड्यावरून सोलापूर-धुळे महामार्ग जातो. रेल्वे जात नाही. तरीही या मुलखातील रेल्वेचा विषय निघाला की एकच वाक्य ऐकू येते : ‘एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रजाने मागास भागाला आगगाडी दिली.’ हे अर्धसत्य आहे.

२/ कॅलथ्रॉपची प्रतिभा निर्विवाद. रुळांमधील अंतर अवघे २ फूट ६ इंच. इंजिन असो वा डबा, एका आसावर ५ टनांहून अधिक भार नाही. म्हणूनच यार्डाला ३० पौंड वजनाचे हलके, स्वस्त रूळ पुरले.

३/ परंतु ही एकट्याची किमया नव्हती. डबे लीड्स फोर्ज कंपनीचे, इंजिने लीड्सच्याच किटसन कंपनीची. डब्यांची चाचणी लीड्सजवळ न्यूले येथे झाली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी हा मार्ग खुला झाला. अभियंता, कारखानदार आणि लंडनचे भांडवल यांची ही भागीदारी होती. भागीदारी नफ्यासाठी असते. त्यात गैर काही नाही. मात्र नफ्याला दान म्हणू नये.

४/ बचत कंपनीची झाली, भुर्दंड कुणाला? कुर्डुवाडीला मोठ्या लाइनची गाडी. बार्शीच्या पेठेतील कापसाची गाठ वा धान्याचे पोते पुढे न्यायचे, तर एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवणे अटळ. हा खर्च, हा वेळ आणि हमालांच्या पाठीवरचा हा भार कॅलथ्रॉपच्या कौतुकात कधीच येत नाही.

५/ १९११ मध्ये मार्ग येडशीवरून लातूरला पोहोचला. जिल्ह्याचे ठाणे असलेले उस्मानाबाद, आजचे धाराशिव, बाजूलाच राहिले. शहरात रेल्वे आली ती मोठ्या लाइनबरोबर, २००७-०८ मध्ये.

६/ ‘स्वस्त मार्ग नसता, तर मार्गच नसता,’ हा युक्तिवाद वजनदार आहे. पण तो १८९७ पुरताच लागू पडतो. १९५४ मध्ये सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली. त्यानंतरही अर्धशतक छोटी लाइन छोटीच राहिली. तेव्हा केवळ इंग्रजांना दोष देऊनही हिशेब पुरा होत नाही.

७/ तरुण अभ्यासकांनी कृतज्ञता आणि द्वेष दोन्ही बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारावेत : रुळाचे वजन कुणी ठरवले? पोते कुणी उचलले? आणि गाव कुणी वगळले?