आफ्रिकेचीं पुस्तकें आणि घरचें वाचन

वाचन हें एकट्यानें, मुकाट्यानें व शक्य तर इंग्रजींत करावयाचें काम आहे, अशी आपल्या सुशिक्षित कुटुंबांची समजूत होऊन बसली आहे. मुलगा दार लावून वाचीत बसला म्हणजे आईबापांस समाधान वाटतें. त्यानें काय वाचलें तें मात्र घरांत कोणासच ठाऊक नसतें. ही चाल बदलावी असें आमचें मत आहे, व त्यास आधार आम्ही आफ्रिकेंतून घेणार आहों.

केनिया देशांतील न्गूगी वा थिओंगो (१९३८–२०२५) हे मिशनच्या हायस्कुलांत शिकलेले कादंबरीकार. लहानपणीं त्यांनीं संध्याकाळीं शेकोटीभोंवती बसून आपल्या गिकुयु भाषेंत गोष्टी ऐकिल्या. शाळेंत मात्र तीच भाषा बोलतांना सांपडलेल्या मुलास छड्या मिळत, किंवा अपमानाचे शब्द लिहिलेली धातूची पट्टी गळ्यांत वागवावी लागे. १९६४ सालीं त्यांची पहिली इंग्रजी कादंबरी निघाली व त्यांचें नांव देशोदेशीं झालें. परंतु ज्या शेतकऱ्यांच्या जीवनावर तीं पुस्तकें लिहिलेलीं होतीं, त्यांतील बहुतेकांस तीं वाचतां येत नव्हतीं!

१९७७ सालीं कामिरीथु गांवच्या लोकांनीं स्वतःच्या हातांनीं उघडी नाट्यशाळा बांधली व न्गूगींनीं एका सहकाऱ्यासह लिहिलेलें गिकुयु नाटक तेथें केलें. तालमी उघड्यावर चालत, आणि शेतकरी व मजूर लेखकांची भाषा सुधारून देत. सरकारनें थोड्याच आठवड्यांत नाटक बंद पाडलें व वर्षाच्या अखेरीस न्गूगींस चौकशीवांचून तुरुंगांत टाकिलें. तेथें शौचासाठीं मिळणाऱ्या कागदावर त्यांनीं आपली पहिली गिकुयु कादंबरी लिहिली. ती १९८० सालीं छापून निघाली, आणि मग जें घडलें तें आमच्या विषयाचें मर्म आहे. घरोघरीं संध्याकाळीं मंडळी जमत व ज्यास अक्षरओळख असेल तो सर्वांस वाचून दाखवी. मजूर दुपारच्या सुटींत वाचून घेत. मोटारींत वाचन होई, दारूच्या गुत्त्यांतही होई. (पालकांनीं दचकूं नये; आम्ही गुत्त्याची शिफारस करीत नाहीं.) तेथील वाचणारा रंगांत आलेल्या ठिकाणीं आपला रिकामा पेला खालीं ठेवून थांबे, व श्रोत्यांनीं तो भरविल्यावर पुढें सुरू करी, असें न्गूगींनींच लिहून ठेविलें आहे. आमच्या कीर्तनकारांस ही युक्ति अगदींच अपरिचित वाटणार नाहीं.

मिशनांनीं देशी भाषांना दाबलें एवढेंच यावरून कोणी समजेल, तर तें खरें नव्हे. लेसोथो देशांत मोरिजा येथील फ्रेंच मिशनच्या छापखान्यानें थॉमस मोफोलो यांची सेसोथो भाषेंतील कादंबरी १९०७ सालीं पुस्तकरूपानें काढली. आफ्रिकी भाषांतील अगदीं पहिल्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. आपल्याकडेही मराठींतील पहिली कादंबरी म्हणून बहुधा जिचें नांव घेतात, ती ‘यमुनापर्यटन’ (१८५७) बाबा पदमनजी या ख्रिस्ती गृहस्थांचीच. परंतु त्याच मोरिजा मिशननें मोफोलो यांच्या ‘चाका’ या थोर कादंबरीचें हस्तलिखित सुमारें पंधरा वर्षें दडपून ठेविलें. तींतील जुन्या समजुतींच्या वर्णनानें वाचक बिघडतील, ही भीति! ती छापली गेली १९२५ सालीं. आपल्या सारख्या शाळेच्या अंकांत हें लपवूं नये. ज्यांनीं अक्षरें दिलीं, त्यांनींच तीं अडविलीं, आणि तेंही सद्धेतूनें.

आमची सूचना साधी आहे. आफ्रिकेचें जें पुस्तक विद्यार्थ्यास आवडेल, कथा असो वा कविता, त्यांतील पांच पानें त्यानें आठवड्यांतून एकदां घरांत किंवा शाळेच्या वाङ्मयमंडळांत मराठींत करून मोठ्यानें वाचावीं. इंग्रजी कच्चें राहील, अशी शंका कोणी घेतील. आम्हांस उलट वाटतें. जें वाक्य आजोबांस मराठींत सांगतां येत नाहीं, तें आपणांस इंग्रजींत कळलें होतें, याची खात्री काय? शिवाय ही रीत परकी नव्हे. चातुर्मासांत ‘पांडवप्रताप’ एक वाची व दहा ऐकत. ख्रिस्ती घरांतून संध्याकाळचें शास्त्रवाचन अद्यापि अनेक ठिकाणीं चालतें. फक्त त्या बैठकींत आतां आणखी एक पुस्तक यावें.

प्रारंभ ‘चाका’नेंच करावा. तिचें इंग्रजी भाषांतर झालेलें आहे. तींत ईसानुसी नांवाचा एक गूढ पुरुष राजाला सत्तेच्या मोहांत ओढीत नेतो. त्यास भगत म्हणावें, देवऋषी म्हणावें कीं मांत्रिक, यावर पहिल्याच संध्याकाळीं वाद होईल, आणि त्यांत घरच्या आजीचें मत शब्दकोशापेक्षां अधिक उपयोगी पडेल.